ज्याचं सैन्य, त्याची बातमी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

मार्च २००३चा शेवटचा दिवस. अमेरिकेने इराकवर हल्ला केला त्याला अजून दोन आठवडेही झाले नव्हते. बगदादमधून अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीला बातम्या देणारे पीटर आर्नेट यांना त्या दिवशी वाहिनीने कामावरून काढून टाकलं. त्यांनी केलं होतं काय? इराकच्या सरकारी टीव्हीला मुलाखत दिली होती आणि इराकी प्रतिकारामुळे अमेरिकेचा युद्धाचा पहिला बेत फसला आहे, असं त्या मुलाखतीत ते बोलून गेले होते. आर्नेट काही नवशिके नव्हते. व्हिएतनाम युद्धाच्या वार्तांकनासाठी १९६६ साली त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. १९९१च्या आखाती युद्धात बगदादच्या अल् रशीद हॉटेलातून सीएनएनवर बॉम्बवर्षावाचं वर्णन करणारा आवाज त्यांचाच. शत्रूच्या सरकारी टीव्हीवर बसून असं बोलावं का, यावर वाद होऊ शकतो, पण गंमत पुढे आहे. इकडे नोकरी गेली आणि तिकडे लंडनच्या ‘डेली मिरर’ने त्यांना लगोलग कामावर घेतलं, तेही पहिल्या पानावर वाजतगाजत. अटलांटिकच्या एका काठावर जो माणूस नकोसा झाला, तो दुसऱ्या काठावर मिरवण्याजोगा ठरला.

मी पत्रकारितेचा अभ्यासक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्द कोण कुठे कसा वापरतो याकडे कान लावून बसायची मला सवय आहे. त्यात २००३ साली दिवसातून दोन-चार वेळा तरी कुणी ना कुणी विचारायचं, “काय म्हणतंय तुमचं इराक?” माझं इराक! तोवर मी कोकणातून निघून मुंबईच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. तरी उत्तर द्यावं लागे. मग मी दोन्हीकडच्या बातम्या ताडून पाहू लागलो. एकाच दिवसाच्या, एकाच शहराच्या या बातम्या वाचताना दोन वेगळी युद्धं चालली आहेत असं वाटे.

तेव्हा आपल्याकडे एक सोपं उत्तर प्रचलित होतं. अमेरिकन माध्यमं युद्धपिसाट आणि युरोपातली समंजस, सत्यवादी. हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता वीसेक वर्षांनंतर सगळी कागदपत्रं समोर आल्यावर तर मुळीच पटत नाही.

आधी अमेरिकेकडे पाहू. युद्ध सुरू होताच फॉक्स न्यूजच्या पडद्याच्या कोपऱ्यात अमेरिकेचा झेंडा फडकू लागला. ‘ऑपरेशन इराकी फ्रीडम’ हे लष्कराने मोहिमेला दिलेलं नाव. फॉक्स आणि एमएसएनबीसी यांनी ते जसंच्या तसं उचलून आपल्या बातम्यांचं शीर्षक केलं. नाटकाचं नाव निर्मात्याने ठेवावं हे ठीक, पण परीक्षणाचं शीर्षकही त्यालाच विचारून ठेवावं, तसा हा प्रकार झाला. सहाशेहून अधिक बातमीदार सैन्याच्या तुकड्यांबरोबर निघाले. त्यांना ‘एम्बेडेड’ म्हणत. त्याच रणगाड्यातून प्रवास, तेच डबाबंद जेवण, आणि गोळी आली तर वाचवणारा जवानही तोच. अशा माणसाने त्या जवानाविषयी आपुलकीने लिहिलं तर त्यात नवल नाही. मात्र रणगाड्याच्या झरोक्यातून ज्याच्यावर तोफ डागली त्याचं घर दिसत नाही.

‘फेअर’ ही माध्यमांवर लक्ष ठेवणारी, डावीकडे झुकलेली अमेरिकन संस्था. तिने युद्धाच्या पहिल्या तीन आठवड्यांत सहा वाहिन्यांच्या मुख्य बातमीपत्रांत कोण कोण बोललं, हे मोजलं. एकूण १,६१७ माणसं निघाली. त्यांतली ६४ टक्के युद्धाच्या बाजूने बोलणारी होती. नुसते अमेरिकन धरले तर बाजूने ७१ टक्के आणि विरोधात अवघे ३ टक्के. त्या वेळी देशात युद्धाला विरोध करणारे लोक याच्या कितीतरी पट होते, रस्त्यावर उतरत होते. पडद्यावर त्यांना जागा नव्हती. एमएसएनबीसीवर फिल डोनाह्यू यांचा युद्धाविषयी शंका विचारणारा एक कार्यक्रम होता. तो युद्धाआधी महिनाभर, फेब्रुवारीत बंद झाला होता.

याचा परिणाम काय झाला, तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. मेरीलँड विद्यापीठाशी संबंधित ‘पिपा’ या संस्थेने २००३च्या ऑक्टोबरमध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तीन गोष्टी विचारल्या होत्या. सद्दाम आणि अल् कायदा यांच्या संगनमताचा पुरावा सापडला का? संहारक अस्त्रं सापडली का? जगातल्या लोकांचा या युद्धाला पाठिंबा होता का? तिन्हींचं खरं उत्तर ‘नाही’. पण ६० टक्के लोकांची यांतल्या निदान एका बाबतीत चुकीची समजूत होती. मुख्यतः फॉक्सवरून बातम्या घेणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के, आणि सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या पीबीएस-एनपीआरच्या प्रेक्षक-श्रोत्यांत २३ टक्के. ज्याला जे ऐकायचं तो ती वाहिनी लावतो, हेही त्यात आलं. तरी याच समजुतींच्या बळावर आईबाप आपली मुलं वाळवंटात पाठवत होते, हे विसरता येत नाही.

मग अमेरिकेत खरं कुणाला दिसलंच नाही का? दिसलं होतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ऑगस्ट २००४मध्ये स्वतःचाच पंचनामा छापला. युद्धाआधीच्या सात-आठ महिन्यांत सरकारचं इराकविरोधी म्हणणं मांडणाऱ्या १४०हून अधिक बातम्या त्यांनी पहिल्या पानावर घेतल्या होत्या. वॉल्टर पिंकस या त्यांच्या जुन्याजाणत्या बातमीदाराने मात्र गुप्तहेर खात्याकडे अस्त्रांचा नेमका ठावठिकाणाच नाही, अशी बातमी युद्धाच्या तोंडावर दिली होती. ती छापली, पण सतराव्या पानावर. ‘न्यू यॉर्क टाइम्स’नेही मे २००४मध्ये संपादकीय निवेदन काढून, आपण पुरेशी छाननी केली नाही, असं वाचकांना सांगितलं. ते निवेदनही आतल्या, दहाव्या पानावर.

आणखी एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. नाइट रिडर नावाचा तीसेक दैनिकांचा एक वृत्तपत्रसमूह होता. वॉशिंग्टनमध्ये किंवा न्यू यॉर्कमध्ये त्याचं एकही दैनिक नव्हतं, त्यामुळे बडी मंडळी तो वाचत नसत. जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे त्याचे बातमीदार पहिल्यापासून सरकारच्या दाव्यांतली भोकं दाखवत होते. मंत्र्यांशी बोलण्यापेक्षा ते मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांशी बोलत. त्यांचे वॉशिंग्टनचे प्रमुख जॉन वॉलकॉट यांचं म्हणणं असं, की युद्धावर पाठवणाऱ्यांसाठी इतर वृत्तपत्रं आहेतच, आम्ही ज्यांना पाठवलं जातं त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहितो. लष्करी छावण्यांच्या गावांत या समूहाची दैनिकं जात. म्हणजे सैनिकांच्या सर्वांत जवळ असलेल्या वृत्तपत्रांनी सर्वांत जास्त प्रश्न विचारले. पण राजधानीत ते कुणी ऐकले नाहीत.

याचं कारण राज्यशास्त्राचे अभ्यासक लान्स बेनेट यांनी १९९०मध्येच मांडून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: राजधानीत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात जेवढा वाद असतो, तेवढाच वाद बातम्यांत उमटतो. तिथे एकमत झालं की वृत्तपत्रांतही शांतता. इराकवर बळ वापरण्याची परवानगी अमेरिकन संसदेने ऑक्टोबर २००२मध्ये दिली, तेव्हा सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतं पडली. विरोधी पक्षाचे मोठमोठे नेते बाजूने. मग ज्याला ‘दुसरी बाजू’ म्हणून कॅमेऱ्यासमोर आणायचं तो प्रतिष्ठित माणूसच उरला नाही. रस्त्यावर घोषणा देणारे होते, पण ते बातमीच्या हिशेबात प्रतिष्ठित नव्हते.

हीच मोजपट्टी युरोपला लावून बघा. फ्रान्सच्या वृत्तपत्रांनी युद्धाला कडाडून विरोध केला. छान. पण फ्रान्सचे अध्यक्ष शिराकही विरोधातच होते. परराष्ट्रमंत्री द विलपँ यांनी १४ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. म्हणजे पॅरिसमधला संपादक युद्धाला विरोध करत होता तेव्हा तो आपल्या सरकारच्या सुरातच सूर मिसळत होता. जर्मनीतही तेच. फ्रान्सच्या ‘ल मोंद’नेच ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर ‘आपण सारे अमेरिकन’ असा मथळा दिला होता. दीड वर्षात वृत्तपत्राचं मन बदललं तसं सरकारचंही बदललं होतं. मी त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. त्यासाठी त्यांना काही किंमत मोजावी लागली नाही, एवढंच म्हणतो.

किंमत मोजावी लागली ती ब्रिटनमध्ये, कारण युरोपातल्या मोठ्या देशांपैकी अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून सैन्य उतरवलं ते ब्रिटननेच. तिथे चित्र लगेच वेगळं दिसतं. रूपर्ट मरडॉक यांचं ‘द सन’ युद्धाच्या बाजूने उभं राहिलं. ‘डेली मिरर’ आणि ‘इंडिपेंडंट’ विरोधात. सत्ताधारी मजूर पक्षात फूट पडली, रॉबिन कुक मंत्रिमंडळातून बाहेर पडले, १३९ खासदार स्वतःच्या पंतप्रधानाविरुद्ध गेले. त्यामुळे बीबीसीला ‘दुसरी बाजू’ दाखवायला संसदेतलीच माणसं मिळाली. तरीही कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी युद्धकाळातल्या ब्रिटिश वाहिन्या तपासल्या, तेव्हा सरकारी सूत्रांवर सर्वाधिक विसंबणाऱ्यांत त्यांना बीबीसीच दिसली, आणि सर्वांत साशंक चॅनेल फोर. आपल्याकडे बीबीसीला युद्धविरोधी म्हणणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसेल. अमेरिकन माध्यमांनी प्रश्नच विचारले नाहीत, अशी टीका बीबीसीचे प्रमुख ग्रेग डाइक यांनी एप्रिल २००३मध्ये जाहीरपणे केली होती. तुलनेने ते खरंही होतं.

पुढच्याच महिन्यात पाळी त्यांच्यावर आली. २९ मे २००३च्या पहाटे सहा वाजून गेल्यावर बीबीसी रेडिओवर अँड्र्यू गिलिगन या बातमीदाराने सांगितलं, की इराककडे ४५ मिनिटांत सज्ज होणारी अस्त्रं आहेत हा सरकारी अहवालातला दावा बहुधा चुकीचा आहे हे माहीत असूनही सरकारने तो घातला. मूळ मुद्द्यात दम होता. पण ‘माहीत असूनही’ हा आरोप त्यांच्याजवळच्या माहितीच्या पुढे गेलेला होता. सरकार खवळलं. बातमीचा स्रोत असलेले शास्त्रज्ञ डेव्हिड केली यांचं नाव बाहेर आलं आणि जुलैत ते घराजवळच्या रानात मृतावस्थेत सापडले. न्यायमूर्ती हटन यांच्या चौकशी अहवालाने जानेवारी २००४मध्ये बीबीसीवर ठपका ठेवला. अध्यक्ष गेले, महासंचालक डाइक गेले, गिलिगनही गेले. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जी अस्त्रं कधीच सापडली नाहीत त्यांच्याविषयी शंका घेणाऱ्या संस्थेचं अख्खं शिखर कोसळलं. ती आहेत असं महिनोन् महिने सांगणाऱ्या वाहिन्यांच्या वरच्या मजल्यावर तशी पडझड कुठे झाली नाही.

आर्नेट यांना मिरवत नेणाऱ्या ‘मिरर’चं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. मे २००४मध्ये या वृत्तपत्राने ब्रिटिश सैनिक एका इराकी कैद्याचे हाल करत असल्याची छायाचित्रं छापली. ती बनावट निघाली आणि संपादक पिअर्स मॉर्गन यांची गच्छंती झाली. युद्धविरोधालाही गिऱ्हाईक असतं, आणि गिऱ्हाईक असलं की उतावीळपणाही आलाच.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे, शब्दांकडे येतो. फ्रान्सने १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षं अल्जेरियात युद्ध केलं. लाखो माणसं मेली. पण सरकारी भाषेत ते युद्ध नव्हतंच. त्या ‘घटना’ होत्या, ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ होती. ‘अल्जेरियाचं युद्ध’ हा शब्द कायद्याने अधिकृत केला तो १९९९मध्ये, म्हणजे युद्ध संपून ३७ वर्षं झाल्यावर. फ्रेंच सैनिकांनी केलेल्या छळाची हकिकत सांगणारं आंरी अलेग यांचं पुस्तक १९५८मध्ये जप्त झालं. तशा बातम्या देणाऱ्या वृत्तपत्रांचे अंकही वेळोवेळी उचलले गेले. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी खुद्द पॅरिसमध्ये पोलिसांनी अल्जेरियन निदर्शकांना मारलं. तेव्हाचा सरकारी आकडा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता. आजचे इतिहासकार कित्येक डझन ते शंभराहून अधिक म्हणतात. २००३मध्ये अमेरिकेला शहाणपण शिकवणारा हाच फ्रान्स. स्वतःचं सैन्य गुंतलं होतं तेव्हा त्याला ‘युद्ध’ हा शब्दसुद्धा उच्चारवत नव्हता.

आणि अमेरिका? माणसाला आडवं बांधायचं, तोंडावर फडकं टाकायचं, वरून पाणी ओतून बुडत असल्याची यातना द्यायची. याला इंग्रजीत वॉटरबोर्डिंग म्हणतात. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१०मध्ये जुनी वृत्तपत्रं चाळून एक साधी मोजदाद केली. १९३०च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने या प्रकाराविषयी लिहिलेल्या ५४ मजकुरांपैकी ४४मध्ये त्याला ‘छळ’ म्हटलं होतं. २००२ ते २००८ या काळात, हा प्रकार अमेरिकाच करत होती तेव्हा, १४३ मजकुरांपैकी फक्त दोनमध्ये. बाकी ठिकाणी ‘कठोर’ चौकशी किंवा असलंच काहीतरी मवाळ. पाणी तेच आणि फडकंही तेच. ‘छळ’ हाच शब्द वापरायचा, असा निर्णय त्या वृत्तपत्राने ऑगस्ट २०१४मध्ये जाहीर केला.

दोन्ही काठांमधलं हे अंतर तिसऱ्या ठिकाणाहून पाहिलं तर किती उरतं, याचा अनुभव मी २००३च्या आधीच घेतला होता. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दामने कुवेत घेतलं. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी तिकडे कामाला. माझे मामूही होते. रोज संध्याकाळी शेजारपाजारचे दहा-बाराजण आमच्या ओटीवर बसायचे आणि रेडिओवर बीबीसीची उर्दू ‘सैरबीन’ लागायची, कधी व्हॉइस ऑफ अमेरिका. बातम्यांत गोरे ओलीस असत, तेलाचे भाव असत, सौदीत उतरणाऱ्या फौजा असत. जॉर्डनच्या सरहद्दीवर उन्हात अडकलेल्या इजिप्शियन, बांगलादेशी, भारतीय मजुरांची बातमी यायची, पण उरलेल्या वेळात. आमची मामी एवढंच विचारायची, “तिथं पाणी मिळतंय का, ते सांगितलं का रे?” लंडनही सांगत नव्हतं आणि वॉशिंग्टनही. पुढे एअर इंडियाने अम्मानहून ४८८ फेऱ्या करून लाखावर माणसं परत आणली. नागरिकांची ती फार मोठी विमानवाहतूक होती. मामू त्यांतच आले, एका पिशवीनिशी.

म्हणूनच २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि अमेरिका व युरोप एका सुरात बोलू लागले, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. सीबीएसचा बातमीदार कीव्हमधून म्हणाला, हे काही इराक-अफगाणिस्तान नाही, हे तुलनेने सुसंस्कृत शहर आहे. त्याने नंतर माफी मागितली. फ्रान्सच्या बीएफएम वाहिनीवर कुणी म्हणालं, ही माणसं आपल्यासारख्याच गाड्यांतून जीव वाचवायला निघाली आहेत. युक्रेनच्या माणसांचं दुःख खरंच होतं आणि ते दाखवायलाच हवं होतं. त्यांच्या घरांची, मुलांची, आज्यांची नावानिशी हकिकत दोन्ही काठांवरच्या बातमीदारांनी उत्तम सांगितली. मृतांना नावं द्यायचं कौशल्य त्यांच्याजवळ आहे, हे त्यातून सिद्धच झालं. इराकमध्ये मेलेल्या नागरिकांची नोंद ठेवायचं काम मात्र ‘इराक बॉडी काउंट’ या नावाखाली ब्रिटन-अमेरिकेतल्या मूठभर स्वयंसेवकांना करावं लागलं होतं, तेही वृत्तपत्रांतलीच कात्रणं जुळवून.

ऑक्टोबर २०२३नंतर गाझाच्या बाबतीत तर ‘युरोप’ असं एक काही उरलंच नाही. आयर्लंड, स्पेनमधली चर्चा एक, आणि ज्यूंच्या संहाराच्या इतिहासाचं ओझं वाहणाऱ्या जर्मनीतली दुसरी. हमासला आपल्या तोंडाने ‘दहशतवादी’ म्हणायचं नाही, या जुन्या नियमावर बीबीसी अडून राहिली म्हणून ब्रिटिश मंत्री चिडले. तीच बीबीसी इस्रायलला सांभाळून घेते म्हणून दुसरे चिडले. इस्रायलने परदेशी बातमीदारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही. त्यामुळे न्यू यॉर्क काय आणि लंडन काय, दोघेही स्थानिक पॅलेस्टिनी बातमीदारांवर अवलंबून राहिले, आणि त्यांतले दीडशेहून अधिक मारले गेल्याची नोंद पत्रकार संरक्षण समितीकडे आहे.

आपली मराठी दैनिकं यात कुठे आहेत? कीव्हला किंवा बगदादला आपला माणूस क्वचितच असतो. बातमी येते ती न्यू यॉर्कची एपी, लंडनची रॉयटर्स आणि पॅरिसची एएफपी यांच्याकडून, थेट नाहीतर दिल्लीमार्गे. २००३मध्ये आपल्याकडे अमेरिका-ब्रिटनच्या सैन्यासाठी ‘मित्रफौजा’ हा शब्द वाचल्याचं मला पक्कं आठवतं. दुसऱ्या महायुद्धातून आलेला, चांगल्या बाजूचा वास असलेला शब्द. कुणाचे मित्र? भारत तर त्या युद्धात नव्हता. संसदेने एप्रिल २००३मध्ये त्या कारवाईविरुद्ध ठरावही केला होता. तो शब्द कुणी कट करून घातला असेल असं मला वाटत नाही. इंग्रजी तारेत ‘कोअलिशन’ असतं, पान सोडायची वेळ झालेली असते आणि उपसंपादकाला मराठी शब्द शोधायला फार तर अर्धं मिनिट मिळतं.